काकडीची नाडी

‘गुरूनं सोडलेली नाडी शिष्यानं पुन्हा धरायची नाही.’

एकदा एका हळदीच्या पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असत आणि त्यांच्या घरात हा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. तो का आहे हे विचारायचं नाही, हा त्या नियमाचाच उरलेला अर्धा भाग होता. रोग्याच्या मनगटावरून बोटं उचलताना वैद्य दर वेळी दोनच शब्द म्हणत, ‘नाडी सोडली.’ ते शब्द उच्चारले गेले की निदान झालं. त्यानंतर त्या मनगटाला दुसऱ्या वैद्याची बोटं लागणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान.

सारी पेठ या वैद्यांना नाना म्हणे. त्यांची शिष्या शलाका आयुर्वेदाची पदवी घेऊन त्यांच्याकडे नाडी शिकायला आली होती. जिभेवर ‘का’ हा शब्द सदैव तयार असलेली मुलगी. कॉलेजात तिला शिकवलं होतं की एकाने तपासलेलं दुसऱ्यानेही तपासून पाहावं, त्यात कुणाचा मान जात नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, “नाना, पुन्हा धरली तर काय होईल?”

नाना नुसते हसले. उत्तर दिलं ते पागनीस मास्तरांनी. हे निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी नानांच्या ओसरीवर बसून नानांचं वर्तमानपत्र नानांच्या आधी वाचत असत.

“काही होणार नाही,” मास्तर म्हणाले. “फक्त तू इथली शिष्या राहणार नाहीस.”

शलाकाने ते ऐकून घेतलं. तिच्यासारख्या मुलीने ते ऐकून घ्यावं याला कारण होतं. तिला नानांची बोटं आठवत होती.

ती लहान असताना एकदा तापाने फणफणली होती. आईने तिला कडेवर घेऊन याच ओसरीवर आणलं. बाहेर हमाल हळदीची पोती उतरवत होते आणि हवेत ती पिवळी धूळ होती, जी त्या पेठेत सगळ्यांवर बसते, देवळाच्या पायरीवर, सायकलींच्या सीटवर, माणसांच्या पापण्यांवर. नानांनी तिचा डावा हात हातात घेतला. बायकांची नाडी डाव्या हाताची पाहतात आणि पुरुषांची उजव्या, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं येऊन बसली, कोरडी, उबदार, ओव्याचा वास असलेली, आणि आतलं काहीतरी त्या बोटांशी बोलू लागलं. नानांनी डोळे मिटले. बाहेरच्या हमालांचा आरडाओरडा आपोआप खाली गेल्यासारखा वाटला.

“हिनं आज डबा खाल्लेला नाही,” डोळे न उघडता नाना म्हणाले होते, “आणि कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झालंय. ताप उतरेल उद्यापर्यंत. भांडणाला मात्र माझ्याकडे औषध नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आई थक्क झाली, आणि कडेवरच्या मुलीने मोठेपणी काय व्हायचं ते तिथेच ठरवून टाकलं.

पेठेत अशी गोष्ट प्रत्येकाजवळ होती. कुणाची आई नानांनी वाचवली होती, कुणाच्या पोटातलं बाळ नानांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. ती सांगताना माणसं वयाने लहान होत, आवाज मऊ होई, हात नकळत पुढे येई. खरं सांगायचं तर हल्ली लोक नानांकडे औषधासाठी कमी आणि त्या आठवणीसाठी जास्त येत. नाडी दाखवायची, ते दोन शब्द ऐकायचे आणि बरं वाटून घरी जायचं. बरं वाटायचंही. पण बरं वाटणं आणि बरं असणं यांत फरक असतो, आणि तो फरक पाहणं हेच तर वैद्याचं काम.

गेल्या वर्षभरात शलाकाला काही बारीकसारीक दिसू लागलं होतं. पुडी बांधताना नानांच्या बोटांतून दोरा निसटे. गोळ्या मोजताना ते बोटांपेक्षा डोळ्यांवर विसंबत, ताट उजेडाकडे कलतं करून. ‘वय झालं,’ असं सगळे म्हणत. तीही म्हणाली.

मग एका सकाळी हळदीचे व्यापारी गुरुलिंगशेट ओसरीवर आले. मोठा माणूस, मोठा आवाज, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापाशी कायम पिवळ्या. त्यांनी पिशवीतून तीन डब्या काढल्या आणि नानांपुढे मांडल्या.

“लेकीनं पुण्यासनं धाडल्यात,” ते म्हणाले. “मनगटावर बांधायची घड्याळं. टाइम सांगत्यात, पावलं मोजत्यात आन् काळजाचे ठोकेबी दाखवत्यात म्हणं. एक ठिवा, दोन माघारी धाडा म्हणाली. आता तुमीच सांगा नाना, कुठलं घालू?”

“पण मुळात हवंय कशाला?” मास्तरांनी वर्तमानपत्रावरून विचारलं. “तुमचं काळीज ठोकत नसतं तर बातमी आली असती की.”

शेट हसले, पण थोडंच. “मधनंमधनं भोवळ येती वो. दोनदा तोल गेला, एकदा तर वखारीतच खाली बसलो. आन् येत्या सोमवारी डोंगरावर जायाचं हाय. नातवाचं जावळ. आमच्या घराण्यात आजा नातवाला खांद्यावर घिऊन पायऱ्या चढतो. माझ्या आज्यानं मला नेलं, माझ्या बानं माझ्या पोराला. आता माझी पाळी. लेक म्हणती, आदी डॉक्टरला दाखवा. मी म्हनलं, आमचं नाना हाईत की!”

नानांनी तिन्ही डब्या उघडल्या. एक चौकोनी आणि झगझगीत. दुसरं गोल, सोनेरी कडेचं. शेटचा डोळा त्यावर आहे हे कुणालाही कळावं. तिसरं अगदी साधं, काळ्या रबरी पट्ट्याचं. तिन्हींच्या पोटाला बारीक हिरवा दिवा होता. शलाकाने सांगितलं की हा उजेड कातडीखालच्या रक्ताची ये-जा पाहतो आणि त्यावरून ठोके मोजतो.

नाना तिन्ही घड्याळांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरी, आत जा आणि एक जाडशी काकडी घेऊन ये.”

“काकडी?”

“काकडी.”

शलाकाने काकडी आणली. नानांनी ती आपल्या धोतराच्या सोग्याने पुसली आणि चौकोनी घड्याळ शलाकाकडून काकडीवर घट्ट बांधून घेतलं. चौघेही वाकून पाहू लागले. हिरवा दिवा लुकलुकला, आकडे फिरले आणि थांबले. बहात्तर.

“अगदी निरोगी आहे,” मास्तर म्हणाले.

मग सोनेरी. त्याने जरा जास्त वेळ घेतला आणि शंभराच्या जवळ जाऊन पोचलं. वर एक ओळ उमटली. शलाकाने ती मोठ्याने वाचली, “तुमच्यावर ताण दिसतो. थोडा वेळ शांत बसून दीर्घ श्वास घ्या.”

“ताण येणारच,” मास्तर म्हणाले, “कोशिंबिरीची वेळ झालीय तिच्या.”

शेट पोट धरून हसले. ओसरीवर खूप दिवसांनी असं हसू झालं. शेवटी काळ्या पट्ट्याचं घड्याळ बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. आकडा आलाच नाही. त्या जागी दोन आडव्या रेघा उमटल्या आणि तशाच राहिल्या.

“ह्ये बंद पडलंय,” शेट म्हणाले.

“हेच घाला,” नाना म्हणाले.

शेटचा चेहरा उतरला. सोनेरी कडेकडे एक नजर टाकून ते म्हणाले, “नाना, जे चालतच न्हाई ते घालू?”

तेव्हा नाना बोलले. ते क्वचितच सलग बोलत, म्हणून मास्तरांनीही वर्तमानपत्राची घडी केली.

“शेट, आमचे गुरू नवा शिष्य घेताना पडदा लावत. पडद्याखालून एक हात बाहेर येई आणि त्याची नाडी सांगायची. मी गेलो तेव्हा आम्ही पाचसहा पोरं होतो. पडद्याखालून हाताऐवजी ओलं धोतर घट्ट पिळून, वर तलम कापड गुंडाळून पुढे आलं. एक म्हणाला वात वाढलाय, दुसरा म्हणाला पित्त. एकानं तर पथ्यसुद्धा सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी रडायला लागलो. म्हणालो, मला काही लागत नाही. मला वाटलं, आता घरी पाठवणार. गुरूंनी बाकीच्यांना घरी पाठवलं.” नानांनी काकडीवरच्या त्या दोन रेघांकडे पाहिलं. “जिथं नाडी नाही तिथं ज्याला ती सापडते, त्याला तुमची सापडली काय आणि न सापडली काय, सारखंच. तो तुम्हाला तेच सांगणार, जे ऐकून तुम्ही शांत व्हाल. ‘मला लागत नाही’ हे ज्याला म्हणता येतं, त्याच्याच ‘लागली’ला अर्थ असतो. मग घड्याळ निवडायचं असो की वैद्य.”

अशा एखाद्या सकाळसाठीच तर शलाका इथे आली होती.

शेटनी काळं घड्याळ डाव्या हाताला बांधलं आणि सवयीने उजवा हात नानांपुढे केला. नानांनी डोळे मिटले. तीन बोटं मनगटावर ठेवली.

आणि शलाकाने पाहिलं की बोटं चुकीच्या जागी होती.

अंगठ्याच्या मुळाशी, जिथे नाडी असते, तिथे ती नव्हती. ती घसरून मनगटाच्या मधोमध, स्नायूंच्या ताठ दोऱ्यांवर बसली होती. तिथे कुणालाच काही लागत नाही. क्षणभर थांबून नानांनी डोळे किलकिले केले, शेटच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “नाडी सोडली. खुशाल चढा डोंगर.”

शेट पाया पडून गेले. शलाका काकडी हातात धरून उभी राहिली.

संध्याकाळी पुड्या बांधताना तिने विचारलं, “नाना, शेटजींची नाडी कशी होती?”

“सोडली ना मी.”

“हो. पण कशी होती?”

नानांनी पेठेकडे पाहिलं. उतरत्या उन्हात हळदीची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. “याच्या बापाची नाडी,” ते हळूच म्हणाले, “काय सांगू तुला. सकाळी हंसासारखी चाले, डुलत डुलत. दुपारी भाव पडले की बेडकासारख्या उड्या. एकदा रात्रीच्या जागरणानंतर आला, तर सापासारखी वळवळत होती. मी म्हणालो, अरे, तुझ्या हातात अख्खं तळं घेऊन फिरतोस! केवढा हसला होता. अजून माझ्या बोटांत आहे ती.”

ते इतकं सुंदर बोलत होते, की आपण काय विचारलं होतं ते शलाका विसरून गेली. घरी जाताना वाटेत तिला ते आठवलं आणि स्वतःचाच संताप आला. तिला मेलेल्या माणसाची नाडी सांगितली गेली होती, जिवंत माणसाची नाही.

पुढचे दिवस तिने स्वतःशी वाद घालण्यात घालवले. आपल्या डोळ्यांची चूक झाली असेल. पन्नास वर्षं नाडी पाहणाऱ्याला नेमकी जागाही लागत नसेल असं कसं होईल? आणि नियम होता. आणि मास्तरांनी सांगितलेला नियमाचा परिणामही होता. आपली मोठी माणसं मोठी राहावीत म्हणून लहानांनी किती वेळा आपलेच डोळे खोटे ठरवायचे, याचं काही मोजमाप नसतं.

सोमवार उजाडला. शेटची जीप ओसरीसमोर येऊन थांबली. आत घरची माणसं होती आणि सुनेच्या मांडीवर नवं कुंचडं घातलेला, दाट जावळाचा नातू. शेट नवं धोतर नेसून, फेटा बांधून नानांचा आशीर्वाद घ्यायला वर आले. ओसरीच्या तीन पायऱ्या चढले आणि खांबाला धरून उभे राहिले.

“नाना, ह्ये घड्याळ याड लागल्यागत कराय लागलंय,” दम घेत ते म्हणाले. “घटकेत साठ, घटकेत एकशे चाळीस, आन् मधीच त्या दोन रेघा. तुमीच निवडलं म्हून बोललो न्हाई, पर बिघडलंय.”

“तरी म्हणत होतो, सोनेरी ठेवा,” मास्तर म्हणाले. “ते कसं मनमोकळं होतं. काकडीलासुद्धा नाही म्हणालं नाही.”

नानांनी उजवा हात घेतला. शलाका या वेळी मुद्दाम जवळ येऊन उभी राहिली. बोटं खाली आली, चाचपडली आणि पुन्हा त्या ताठ दोऱ्यांवर जाऊन थांबली. नानांनी शेटच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेट हसत होते. त्यांच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते, पण ते पाहायला नानांना उजेड पुरत नव्हता.

“प्रवासाची धांदल आहे, दुसरं काही नाही,” नाना म्हणाले. “नाडी सोडली.”

शेटनी हात मागे घ्यायच्या आत शलाकाने तो धरला.

तिची तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी बसली. आधी काहीच लागलं नाही. मग एक ठोका, लगेच दुसरा, तिसरा अर्धवट. मग एक लांबलचक पोकळी. मग धावाधाव. त्यात ना हंस होता, ना बेडूक, ना साप. कुठलीच चाल नव्हती.

“अगं ए!” मास्तर उठून उभे राहिले. “नानांनी नाडी सोडलीय.”

“मी धरलीय.”

“कळतंय का काय करतेस? नानांनी तुझी नाडी पाहिली तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस!”

“म्हणूनच सोडत नाही, मास्तर.” तिने शेटकडे वळून पाहिलं. “शेटजी, नाडी चुकतेय. घड्याळ बिघडलेलं नाही. तुम्ही आज डोंगर चढायचा नाही, आणि पोराला खांद्यावर घेऊन तर नाहीच. जीप तालुक्याच्या दवाखान्याकडे वळवायची, आधी कार्डिओग्राम काढायचा. मी येते बरोबर.”

शेट गोंधळले. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग नानांकडे. “ताई, समदी खोळंबल्यात. जावळाचा मुहूर्त हाय. नाना, तुमी काय म्हणता?”

“शलाका,” नाना म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता. तो त्यांनी कधीच चढवला नव्हता. “हात सोड.”

“नाही सोडणार, नाना.”

“मी नाडी सोडलीय.”

“तुम्हाला लागली होती का?”

जीपचा हॉर्न एकदा वाजला. आत नातू खिदळला.

“एवढंच विचारते,” शलाका म्हणाली. तिची बोटं नाडीवरून हलली नाहीत. “तुम्ही ‘लागली’ म्हणा. एकच शब्द. मी हात सोडते, शेटजी डोंगरावर जातील, आणि उद्यापासून मी या पायऱ्या चढणार नाही. तुमच्या शब्दावर सोडेन. नियमावर सोडणार नाही.”

नानांनी आपला उजवा हात उताणा करून समोर धरला आणि त्या तीन बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि कुणीतरी सांभाळायला दिली होती. त्यांचे ओठ उघडले, मिटले. शेट एकदा नानांकडे, एकदा शलाकाकडे पाहत राहिले, आणि हळूहळू खांबाला टेकून खाली बसले. हात त्यांनी ओढून घेतला नाही.

शलाकाच्या बोटांखाली नाडी थांबत होती, चुकत होती, पुन्हा धावत होती. ‘लागली’ हा शब्द नानांकडून आला नाही, आणि तिने हात सोडला नाही.